मौजे लोणखेडे येथील बिघडल्या सांध्यांची बखर

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

खानदेश प्रांती, तापीच्या उत्तर तीरी, मौजे लोणखेडे, तालुके शहादे, जिल्हे नंदुरबार, येथे सांप्रत काळी माडीवरील खोलीत जो संग्राम जाहला, त्याची हकिगत जैसी घडली तैसी लिहिली असे. मोठमोठ्या लढायांच्या तवारिखा लिहिणारे बहुत. परंतु ज्या लढाईत गनीम बोटाच्या पेराएवढा आणि रणभूमी प्लायवुडाची, तिची याद कोणी राखीना, सबब हा लेखनप्रपंच. ज्यास हसू येईल त्याने खुशाल हसावे, परंतु पुरते वाचोन हसावे.

तर राजश्री हेमकांतराव पाटील म्हणोन साखर कारखान्याच्या वीजखात्याचे फोरमन होते. बहुत करारी, बहुत हट्टी, तारेचा झटका बसला तरी चेहऱ्यावर न दाखविणारे. ते नोकरीतून फारिग होवोन घरी आले तेव्हा नजर शाबूत, गुडघे शाबूत आणि दिवस रिकामा, ऐसी अवस्था जाहली. शेत धाकटे बंधू पाहात. तेथे हात घालू जाता बंधू म्हणत, दादा, तुम्ही सावलीत बसा. स्वयंपाकघरात पाऊल टाकिता पत्नी म्हणत, जरा बाजूस व्हा. ऐशा रीतीने दोन्ही मुलखांतून हद्दपार होवोन हेमकांतराव जिना चढले आणि माडीवर त्यांनी आपले स्वतंत्र राज्य स्थापिले.

ते राज्य रेल्वेचे. कारण ऐसे की, तापीच्या दक्षिणेस नंदुरबारी सुरत-भुसावळ मार्गावर अष्टौप्रहर गाड्या धडधडतात, आणि उत्तरेस शहादे मुलखी शिटीही कानी पडत नाही. मार्ग येणार, मार्ग येतोच आहे, ऐशा वार्ता हेमकांतरावांच्या वडिलांनी पारावर बसोन ऐकिल्या आणि ऐकता ऐकता ते गेले. पुढे हेमकांतरावांनी ऐकिल्या. मग त्यांनी मनाशी निश्चय केला की, जो मार्ग जमिनीवर उतरत नाही तो आम्ही माडीवर उतरवू. आणि सुरतेवर स्वारी करोन, म्हणजे लुटोन नव्हे, दुकानातून रीतसर खरेदी करोन, वीतभर लांबीचे इंजिन, डबे आणि रूळ घेवोन आले.

या कामी त्यांचे जोडीस राजश्री रमजानभाई. हे शहादे शहरचे राहणार, त्याच कारखान्यात फिटरखात्याचे फोरमन. उभयतांनी एका पत्र्याखाली उभी हयात काढिली. ऊस गाळण्याचा चरक बंद पडला की हेमकांतराव म्हणत, गिअर अडकला; रमजानभाई म्हणत, मोटार जळाली; आणि मग भांडत भांडत दोघे मिळोन चालू करीत. ते रमजानभाई आपली पेचकसांची पेटी घेवोन रोज सकाळी माडीवर रुजू होऊ लागले, आणि खोलीभर कमरेएवढ्या उंचीवर फळ्या पसरोन एका भिंतीस नंदुरबार, मध्ये निळ्या रंगाची तापी आणि तिजवर प्रकाशे गावचा पूल, पुढे लोणखेडे, आणि पलीकडल्या भिंतीस म्हसावद, ऐसा अवघा मुलूख त्यांनी वसविला. नंदुरबार स्थानकाबाहेर मिरची वाळविण्याच्या पथाऱ्या हव्यात, आणि त्यांवर खरीच मिरची हवी, रंगविलेला भुसा चालणार नाही, ऐसा हेमकांतरावांचा हुकूम जाहला. त्याप्रमाणे लाल तिखट पसरिले. तेलाविना लोखंड चालविणे ही बेअदबी, ऐसा रमजानभाईंचा कौल पडला. त्याप्रमाणे शिलाई यंत्राचे तेल जागोजागी सोडिले.

आता सांधा म्हणजे काय ते सांगतो. जेथे एक मार्ग फुटोन दोन होतात, तेथे रुळाचे एक सरकते पाते असते. ते इकडे सरले तर गाडी इकडे, तिकडे सरले तर तिकडे. त्या जागेस रेल्वेचे लोक सांधा म्हणतात. या राज्यात नंदुरबार, प्रकाशे आणि लोणखेडे ऐशा तीन ठाण्यांवर सांधे होते. पाती रमजानभाईंनी कानशीने घासोन केली, आणि फळीखालोन त्यांस ढकलणाऱ्या विजेच्या कॉइली हेमकांतरावांनी गुंडाळिल्या. बटण दाबावे, पाते खट् करोन सरावे, ऐसा बंदोबस्त. हिवाळाभर तो उत्तम चालिला.

मग होळी जाहली, ऊन तापले, छताचा पंखा सुरू जाहला, आणि सांध्यांनी बंड केले. बटण दाबिता पाते अर्ध्यावर जावे आणि तेथेच बसावे, पुढे नाही, मागे नाही. म्हणजे इंजिनाने म्हसावदाची वाट धरावी, डब्यांनी मिरचीच्या पथारीत शिरावे, आणि मध्येच सारी पलटण आडवी पडावी. हेमकांतरावांनी बोटाने पाते सारिले तर गाडी जाई, परंतु बोटाने चालणारी रेल्वे ती कसली, हे त्यांचे त्यांस कळत होते.

त्याच सुमारास नवा गहू घरी आला. सौभाग्यवती प्रतिभाबाईसाहेब म्हणजे या घराच्या दिवाणी व फौजदारी दोहींच्या मालकीण. त्यांनी ओसरीतील पोती पाहिली, माडीकडे पाहिले, आणि आडव्या पडलेल्या गाडीपाशी येवोन फर्मान काढिले. ते ऐसे की, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सणास हेमकांतरावांच्या आत्या, धनुबाई फुई, म्हसावदाहून माहेरी येणार. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी नंदुरबाराहून सुटोन म्हसावदास पोहोचावी, मध्ये कोणी बोट लावू नये. न पोहोचेल तर मार्ग उखडावा आणि खोलीत गव्हाच्या कोठ्या बसवाव्या. फर्मानाचा शेवट त्यांनी मुखाने वाचिला तो येणेप्रमाणे: "गाडी चालनी ते गाडी ऱ्हाई, नई चालनी ते गहू ऱ्हातीन."

हे ऐकोन हेमकांतरावांनी आडवे पडले डबे लगबगीने उभे केले. कारण गेली खोली तर पुनः सावलीत बसणे आणि बाजूस होणे, दुसरे नशिबी काही नव्हते.

मग उभयतां सरदारांची मसलत बसली. हेमकांतरावांनी सांध्याकडे न्याहाळोन निवाडा दिला की, पाते वाकडे घासिले आहे. रमजानभाईंनी निवाडा दिला की, पाते सरळ आहे, कॉइलीत दम नाही. शब्दास शब्द लागला, कारखान्यातील चरकाची जुनी प्रकरणे उकरोन निघाली, कोणाच्या चुकीने कोणता हंगाम रखडला ते निघाले, आणि शेवटी रमजानभाई उठले, पेटी बगलेस मारिली, आणि "मन्हं पातं वाकडं नई, तुन्ही नजर वाकडी शे!" ऐसे गर्जोन जिना उतरोन गेले. जाते समयी त्यांचा चहा तैसाच राहिला. भांडणे पुष्कळ जाहली होती, परंतु रमजानने चहा टाकिला ऐसे कधी जाहले नव्हते. हेमकांतराव त्या कपाकडे पाहात बसले, आणि त्यावर साय धरली तरी उचलोन ठेविण्याचे त्यांच्या मनास येईना.

दुसरे दिवशी त्यांनी एकट्याने कूच केले. रमजान म्हणतो दम नाही, तर दम काय असतो तो दाखवू, ऐसा जिद्दीचा विचार करोन त्यांनी जुन्या इन्व्हर्टरचा दांडगा ट्रान्सफॉर्मर काढिला आणि तो लोणखेड्याच्या सांध्यास जोडिला आणि बटण दाबिले. पाते खट् करोन पार गेले! हेमकांतरावांनी फत्ते जाहली म्हणोन मूठ आवळिली, तोच फळीखालोन धूर निघाला, कॉइल जळोन काळी पडली, आणि घरची अवघी वीज गेली. खाली मिक्सरात चटणी अर्धी राहिली. प्रतिभाबाई जिन्याच्या तळाशी येवोन उभ्या राहिल्या आणि त्यांनी अर्ध्या चटणीचे भांडे नुसते वर धरोन दाखविले. तोफ डागिली असती तर बरे, ऐसे हेमकांतरावांस वाटले.

मग त्यांनी नवी कॉइल गुंडाळोन बसविली आणि पूर्वीचाच वीजपुरवठा जोडिला. पाते पुनः अर्ध्यावर. आता गुन्हेगार एकच उरला, तो म्हणजे पाते, ऐसे ठरवोन त्यांनी पोलादी पट्टी पात्यास लावोन पाहिली. पट्टी आणि पाते यांमधोन उजेडाचा केसही दिसेना. पाते सरळ होते. रमजान खरा होता. हेमकांतरावांनी पट्टी उलटी करोन लाविली, मग चष्मा पुसोन लाविली, परंतु पाते सरळ ते सरळच.

ऐशा हैराणीत त्यांनी करंगळीच्या शेजारले बोट पात्याच्या फटीत घालोन चाचपिले. बोटास काही चिकट लागले. अंगास घामाच्या धारा, कपाळीचा घाम पापणीवर ओघळला, आणि हेमकांतरावांनी त्याच बोटाने डोळा चोळिला.

पुढील वर्णन लेखणीस झेपत नाही. जो पुरुष विजेच्या झटक्यास हूं म्हणत नसे, त्याने ऐसी आरोळी ठोकिली की शेजारच्या गोठ्यातील गाय उभी राहिली. जिना कसा उतरले ते त्यांचे त्यांस ठाऊक नाही. प्रतिभाबाईंनी त्यांस मोरीपाशी बसवोन डोळ्यावर तांब्यामागोन तांबे पाणी मारिले, मग थंड दुधात भिजविलेली फडक्याची घडी ठेविली, आणि त्यांचे बोट धरोन वास घेतला. "हाई ते मिरची शे," त्या म्हणाल्या, आणि पुनः हुंगोन, "न तेलबी शे."

मिरची आणि तेल! हेमकांतरावांनी उरल्या डोळ्याने छताकडे पाहिले, जणू माडीवरला पंखा तेथोनच दिसतो, आणि सारे कारस्थान त्यांस उलगडले. उन्हाळा लागला, पंखा सुरू जाहला, पंख्याच्या वाऱ्याने पथाऱ्यांवरील तिखट उधळोन मुलूखभर उडाले, आणि जेथे जेथे तेल होते तेथे तेथे बसले. सांध्यांत रस्सा जाहला होता. त्यात पाते रुतले होते.

तेव्हा घडी डोळ्यास तैसीच धरोन हेमकांतराव निघाले. प्रतिभाबाईंनी फटफटीची किल्ली काढोन घेतली, एका डोळ्याने जाणार का म्हणोन रिक्षात बसविले. वाटेत त्यांनी भाषण जुळविले की, तुझ्या तेलाने घात केला, मी आधीच म्हणत होतो. भाषण उत्तम जुळले होते. परंतु शहाद्यास रमजानभाईंच्या दारी पोहोचले तो रमजानभाई ओट्यावर बसले होते, आणि त्यांनी तो लाल सुजला डोळा पाहिला, आणि बोलणे बंद आहे हे ध्यानी येण्याच्या आधीच उठोन पुढे आले आणि दंडास धरोन खुर्चीवर बसविले. मग आठवण जाहली आणि हात सोडिला. परंतु तोवर उशीर जाहला होता, आणि हेमकांतराव आपले भाषण विसरोन गेले होते.

त्यांनी नुसते लाल बोट पुढे केले. रमजानभाईंनी वास घेतला.

"तुन्ही मिरची," रमजानभाई म्हणाले.

"तुन्हं तेल," हेमकांतराव म्हणाले.

इतक्यात रमजानभाईंच्या घरच्या अख्तरबानो पाण्याचा पेला घेवोन बाहेर आल्या. त्यांनी दोघांचे ऐकिले, पेला हेमकांतरावांच्या हाती दिला, आणि निवाडा केला तो ऐसा: "तेल यासनं, मिरची तुमनी. मंग लसूण मी देऊ का? फोडणी पुरी व्हई जाई."

प्रथम रमजानभाईंचे खांदे हालू लागले. मग हेमकांतराव हसू लागले, आणि हसता हसता डोळ्यास पाणी आले आणि डोळा पुनः चुरचुरला, तेव्हा ते हाय हाय करीत हसले. हसणे ओसरल्यावर रमजानभाई जमिनीकडे पाहोन म्हणाले, "पातं वाकडं शे म्हनत व्हता ना तू?"

"पट्टी लाईसन देखी," हेमकांतराव म्हणाले. हे बोलणे त्यांस जड गेले. "सरय शे."

रमजानभाई वळले. आत जावोन पेटी घेवोन आले, आणि "चाल," इतकेच म्हणाले.

मग मोहीम दुसरी उभी राहिली. पंखा बंद. दोघांनी नाकास उपरणी बांधिली, तरी शिंकांचा ऐसा भडिमार जाहला की खालोन प्रतिभाबाईंनी दोन वेळा पृच्छा केली. उरलेल्या मिरचीस डिंकात घोळवोन पथारीस कायमचे जखडिले. जुने दातांचे ब्रश आणि स्पिरिट घेवोन तिन्ही सांधे धुतले. तेलास मुलूखबंदी जाहली आणि त्याऐवजी पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड पात्याखाली लाविली, हे रमजानभाईंनीच सुचविले. नंदुरबारचा सांधा खट् बोलला. प्रकाशाचा सांधा खट् बोलला. लोणखेड्याचा मात्र निम्मा गेला आणि थांबला.

दोघांनी पाते बोटाने मागेपुढे सारोन पाहिले. आता मिरचीवर ढकलावे तर मिरची नाही आणि तेलावर ढकलावे तर तेल नाही. हेमकांतराव फळीखाली शिरले, आणि तेथे त्यांस दिसले की, जळाल्या कॉइलीच्या जागी आपण जी नवी बसविली तिचा एक टाका कच्चा आहे, तार नुसती टेकली आहे, धरलेली नाही. वीजखात्याचा फोरमन, आणि कच्चा टाका! त्यांचे कान तापले. त्यांनी सोल्डरिंगची कावी आत ओढोन घेतली, आणि त्याच समयी वरती रमजानभाईंस खोकल्याची ऐसी उबळ आली की ते खिडकीपाशी जावोन बाहेर पाहात खोकत राहिले. टाका पक्का होईपर्यंत ती उबळ थांबली नाही.

मग हेमकांतराव गुडघे झाडीत बाहेर आले तो रमजानभाई पात्यापाशी वाकले होते आणि त्यांच्या मुठीत काही लपले होते. ती बारीक कानस होती. पाते सरळ खरे, परंतु त्याच्या टोकास घासताना राहिलेले धातूचे एक कुसळ होते; तेल होते तोवर ते निसटत होते, आता शेजारच्या रुळास अडत होते. हेमकांतरावांनी ते स्वच्छ पाहिले. ओठांवर वाक्य आले. परंतु त्यांस टाकिलेला चहा आठवला, आणि ते सावकाश खिडकीकडे वळले आणि अंगणातील निंबाचे झाड प्रथमच दिसल्यासारखे पाहात उभे राहिले. मागे कानस दोनदा हळूच बोलली. मग बटण दाबिले, आणि लोणखेड्याचा सांधा खट् करोन ऐसा पार गेला की दोघांनी एकदमच "हां!" म्हटले. दोष कोणाचा होता ते कोणी कोणास विचारिले नाही.

आखाजीचा दिवस उजाडला. अंगणातील झोके भरले, आणि पुरणपोळ्या व आंब्याचा रस ऐसे भोजन जाहल्यावर धनुबाई फुईंची स्वारी काठी टेकीत जिना चढली. त्यांस म्हसावदाच्या फलाटाशी खुर्ची मांडिली. फुईंनी खुर्ची ओढोन पाठ नंदुरबाराकडे केली आणि जाहीर केले की, आम्ही वाट पाहात म्हातारे जाहलो, आता आधी बघणार नाही, गाडी गावात आली की मगच बघू. रमजानभाई स्वच्छ धुतली टोपी घालोन नंदुरबारचे स्थानकप्रमुख म्हणोन उभे राहिले. अख्तरबानो आणि प्रतिभाबाई दारात. हेमकांतराव बटणांपाशी, आणि त्यांनी बोटे पायजम्यास पुसली.

रमजानभाईंनी हिरवा रुमाल हालविला. गाडी सुटली. नंदुरबारचा सांधा खट्, मिरचीच्या पथाऱ्या बाजूस राहिल्या. प्रकाशाच्या पुलावर तापी ओलांडिली, सांधा खट्. पुढे लोणखेडे. इंजिन वळले, पहिला डबा वळला, दुसरा वळला, आणि शेवटचा डबा पात्यावर येवोन डळमळला. एक चाक उचलल्यासारखे दिसले. हेमकांतरावांचा हात आपोआप पुढे गेला, आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरोन मागे ओढिला. चाक खाली बसले. डबा मार्गास लागला. आणि गाडी कोणाचे बोट न लागता म्हसावदाच्या फलाटावर येवोन उभी राहिली.

तेव्हा फुई वळल्या. त्यांनी वाकोन इंजिन पाहिले, डबे पाहिले.

"इतली धाकली?" मग त्या म्हणाल्या. आणि गाडी गावी आली याची खातरी करावी तैसी डब्याच्या छतावर आपली सुरकुतली तर्जनी अलगद ठेवोन, "पन उनी ते खरी."

हेमकांतराव उगाच एक बटण पुसू लागले. रमजानभाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारिली ती जरा जोरातच बसली. मग गाडीने परतीचा मार्ग धरिला, म्हसावदाहून नंदुरबारास, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या, तोच प्रतिभाबाई दारातून पुढे आल्या. त्यांच्या हाती पुरणपोळीच्या पिठाने माखलेले लाटणे होते. ते त्यांनी लोणखेड्याच्या हद्दीत रुळांवर आडवे ठेविले. इंजिन येवोन लाटण्यास टेकले आणि जागीच गुरगुरू लागले.

हेमकांतरावांनी घाबरोन वीज बंद केली आणि विचारिले की, फर्मान तर पुरे जाहले, मग ही नाकेबंदी कशास?

"नंदुरबार थांबस, म्हसावद थांबस," प्रतिभाबाई म्हणाल्या. "आठे लोणखेडामा माणसं नई ऱ्हातस का? थांबा द्या. नई ते लाटणं उठाव नई."

हेमकांतराव रमजानभाईंकडे पाहू लागले. रमजानभाई छताकडे पाहू लागले. मग तेथल्या तेथे तहाची कलमे ठरली: मार्ग कायम राहील, गव्हाच्या कोठ्या त्याच फळ्यांखाली बसतील, आणि लोणखेड्यास थांबा मंजूर.

येणेप्रमाणे सांध्यांचे बंड मोडिले, मुलूख निर्वेध जाहला, आणि आखाजीच्या सणी, कैऱ्यांच्या दिवसांत, तापीउत्तर प्रांती रेल्वे आली, हे सर्वांनी खरे मानावे. त्या दिवसापासोन जाणारी येणारी हरएक गाडी लोणखेड्यास थांबते. प्रतिभाबाई गहू काढावयास माडीवर येतात, सूप खाली ठेवितात, आणि गाडी थांबली हे स्वतः पाहोन मगच मान हालवितात. तोवर कोणी बटण दाबीत नाही.